न वाचता केलेली सही

मी तिसरी पास. चौथीत बसलो होतो, पण त्या वर्षी वडिलांनी हातात हातोडी दिली आणि पाटी घरीच राहिली. एसटीची पाटी वाचतो, दुकानांवरची नावं वाचतो, दवाखान्याबाहेरची वेळ वाचतो. हे लिहायला मला दीड महिना लागला, रोज सकाळी अर्धं पान. लिहून झालं की बायकोला वाचून दाखवतो. ती ऐकते आणि जिथं मी माझीच बढाई मारली असेल तिथं म्हणते, "अजी, हे काढा." बऱ्याच जागी काढलं. काही जागी मी ऐकलं नाही.

आम्ही मंगरूळपीरचे. घरी आमची बोली वेगळी, पण उभा जन्म शेतकऱ्यांच्या बैलांपाशी गेला, त्यामुळं लिहायला मराठीच जवळची वाटते. धंदा नालबंदीचा. बैलाच्या खुराला लोखंडी नाल ठोकायचा, म्हणजे डांबरी सडकेवर खूर झिजत नाही. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, तरी माझी हातोडी बंद पडलेली नाही. कारंजा रोडवर, गाव संपतं तिथं, निंबाच्या झाडांची रांग आहे. त्यातल्या तिसऱ्या निंबाखाली माझी जागा. माझ्या आधी वडिलांची होती.

वडील अंगठा द्यायचे. मीही जवान असेपर्यंत अंगठाच दिला. एकदा एका कचेरीत कारकुनानं मला न विचारताच शाईचं पॅड पुढं सरकवलं. माझे कपडे पाहिले आणि सरकवलं. मागं दहा माणसं उभी. ते मला इतकं लागलं की महिनाभर निंबाखाली बसून खिळ्यानं मातीवर माझं नाव गिरवलं. तेव्हापासून सही. खाली एक रेघ ओढतो आणि रेघेखाली दोन टिंबं देतो. पाहणारा म्हणतो, शिकलेला माणूस आहे. मला ते आवडायचं. हे बायकोनं काढायला सांगितलं नाही. ती म्हणाली, हे राहू द्या, सगळं इथूनच झालं.

झालं ते असं. दोन वर्षांमागचा वैशाख. बायकोच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डावा आधीपासूनच अंधूक. कारंजाला महिन्यातून एकदा बाहेरगावचे डॉक्टर येऊन ऑपरेशन करतात, दहाच्या आत पोचायचं असतं. आम्ही आठची एसटी धरली. गाव संपलं, निंब आले आणि गाडी थांबली.

सडकेवर पोरं-पोरी बसली होती, असतील तीसेक. कॉलेजातली, काही तांड्यांवरची, दोन मास्तर. हातात पुठ्ठे. एक पुठ्ठा मी खिडकीतून अक्षर अक्षर लावून वाचला, 'सावली तोडू नका'. सडक रुंद होणार होती आणि निंबांच्या बुंध्यांवर चुन्यानं आकडे पडले होते. माझ्या झाडावरही पडला होता, मी तो रोज पाहत होतो. मनात म्हणायचो, सरकारचं काम आहे, आपण काय करणार.

अर्धा तास गेला, तास गेला. एसटीचा पत्रा तापला. आत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट, या पोरांना काय सजा द्यावी.

"जेलात टाका सायाचे," मागून एक आडत्या म्हणाला. "दोन महिने भाकर खाऊ द्या तिथली."

"कायले? दंडुके द्या चार चार. हवामान लगेच सुधारते."

"मी सांगतो," ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "यायले दिवसभर उन्हात बसवा."

कंडक्टरनं खिडकीबाहेर बोट केलं. "मंग आता कुठं बसले हायेत रे भाऊ, तुह्या आत्याच्या माडीवर?"

सगळे हसले. मी हसलो नाही. घड्याळात नऊ वाजून गेले होते. मी खिडकीतून ओरडलो, "ए पोट्टेहो, वऱ्हाडात ऊन काय काल आलं का? आमी उन्हातच म्हातारे झालो!"

पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. काटक, उन्हानं रापलेली, पायात पळायचे बूट. पाण्याची कॅन घेऊन ती दारापाशी आली. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची होती, हे मला नंतर कळलं. मायबाप दर साल ऊस तोडायला जाणारे आणि ही कॉलेजात शिकून पोलीस भरतीची तयारी करणारी.

"चाचा," ती म्हणाली, "तुमी त्या तिसऱ्या निंबाखाली बसता ना? जवानीत दुपारी बारालेही नाल ठोकत असान. आता ठोकता का?"

चार-पाच वर्षांपासून दहा वाजता मी हातोडी ठेवतो. त्यानंतर नाल ठोकायला बैल आडवा पाडला की त्याच्या तोंडाला फेस येतो, आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी. पण हे तिला कशाला सांगायचं?

तेवढ्यात तिची नजर बायकोच्या हातातल्या दवाखान्याच्या कागदावर गेली.

"चाची, ऑपरेशन हाय का? काहून बोलल्या नाई? पेशंटले अडवाचं नाई, असं आमचं ठरलं हाय. माही स्कुटी उभी हाय, बसा मांगं. पाऊण तासात कारंजा. चाचा दुसऱ्या गाडीनं येतीन."

बायको उठली. पिशवी सावरून एक पाय तिनं मधल्या वाटेत टाकला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"जिनं रस्ता अडवला तिच्याच गाडीवर बसाचं? काई गरज नाई. बस."

"चाचा, डोळ्याचं काम हाय."

"तू तुह्या जागेवर जाय."

तिनं कॅन उघडली. मग बायकोला पेलाभर पाणी देऊन गेली.

साडेअकराला पोलीस आले आणि पोरांना उचलून गाडीत घातलं. आम्ही कारंजाला पोचलो तेव्हा डॉक्टरांची यादी संपलेली. नर्सबाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात या. परतीच्या एसटीत माझं डोकं भणभणत होतं. मंगरूळपीरला उतरल्यावर तिला घरी सोडलं आणि मी सरळ ठाण्यात गेलो.

ठाण्यात गर्दी होती. एसटीतले पाच-सात जण, माल अडकलेले दोन व्यापारी, सगळे एकदम बोलत होते. एक म्हणे, पोरांच्या हातात दगड होते. दुसरा म्हणे, ड्रायव्हरची कॉलर धरून ओढलं. लिहिणारा शिपाई बिचारा सकाळपासून उपाशी. तो जे कानावर पडेल ते टाइप करत होता. जमादारांनी विचारलं, "फिर्याद कोनाच्या नावानं घ्यायची?"

जो तो एक पाऊल मागं सरकला. कोर्टाच्या चकरा कोणाला पाहिजेत?

"माह्या नावानं घ्या," मी म्हणालो. "माह्या बायकोचा डोळा राह्यला आज. साहेब, कडक कलमं लावा. अशी अद्दल घडवा का पुन्हा कोनी सडकेवर बसलं नाई पायजे."

हे मी बोललो, नाकारत नाही. शिपायानं तीन पानं काढून पुढं ठेवली.

"बावा, वाचून पायता का मी वाचून दाखवू?"

अक्षर बारीक, ओळी दाट. एक पान लावायला मला दुपार लागली असती. आणि तो वाचून दाखवणार म्हणजे पुन्हा मागं दहा माणसं, आणि मी पॅडवाला.

"काई जरूर नाई. अंगठेबहाद्दर नाई मी," असं म्हणून मी सही ठोकली. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. आडत्या म्हणाला, "वा चाचा!" मी छाती काढून घरी आलो.

पंधरा दिवसांनी ती पोरगी आमच्या दारात उभी. हातात झेरॉक्स. बायकोनं तिला आत बोलावलं, चहा टाकला. मी खाटेवरून हललो नाही.

"चाचा, तुमची फिर्याद वाचते. बराबर हाय का तेवढं सांगा," ती म्हणाली आणि सावकाश वाचू लागली. आरोपींनी हातात दगड घेऊन प्रवाशांना धमकावले. आरोपींनी चालकास कॉलर धरून खाली ओढले. आणि आरोपींनी माझ्या पत्नीस दवाखान्यात जाण्यापासून रोखले.

चुलीपाशी कपबशीचा आवाज थांबला.

"दगड कोनी उचलला, चाचा?"

"जे झालं ते लिवलं."

"चाचीले मी रोखलं?"

ती रडली नाही, चिडली नाही. नुसतं सांगितलं, "ड्रायव्हर सरकारी मानूस. त्याच्या अंगावर हात टाकला असं कागदावर राह्यलं तर भरतीच्या मैदानात मले कोनी उभं करनार नाई. चार सालापासून पहाटे पळून राह्यली मी. रस्ता अडवला, ते कबूल हाय. त्याची जे सजा देतीन ते घेईन. जे केलंच नाई त्याची काहून घेऊ?"

चहा तिनं पूर्ण प्यायला. जाताना बायकोला म्हणाली, "चाची, पुढच्या बारीले मीच येते स्कुटी घेऊन. तारीख माह्या ध्यानात हाय." झेरॉक्स तिथंच ठेवून गेली.

ती गेल्यावर बायकोनं विचारलं, "सही कराच्या आंधी वाचलं व्हतं?"

"वाचलं."

"मंग आता वाचून दाखवा."

मी कागद उचलला. 'फिर्यादी' एवढं वाचलं, पुढचा शब्द चार अक्षरी जोडाक्षराचा, तिथंच अडकलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच. बायको माझ्याकडं तोंड करून बसली होती, पण मी तिला धड दिसत नव्हतो.

"माह्या डोळ्यावर तर पडदा हाय," ती म्हणाली. "तुमचे दोन्ही साबूत हायेत न?"

आमच्या लग्नाला पंचावन्न वर्षं झाली, त्यात तिनं मला इतकं कडू कधी ऐकवलं नव्हतं. पुढं म्हणाली, "मी उठली व्हती. तुमी बसवलं. त्या पोरीनं नाई. तो कागद सरळ होऊ द्या, मंग मी डोळा करीन. नाई तं राहू द्या असाच."

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलली. पण तिनं दवाखान्याचा कागद गादीखाली ठेवून दिला आणि वर स्वतः बसली.

बारा-तेरा दिवस मी हट्टानं काढले. ती भिंतीला हात लावत पाण्याच्या माठापर्यंत जायची आणि मी पाहायचो. मग एका सकाळी एक शेतकरी जोडी घेऊन निंबाखाली आला. बैल पाडला, पाय बांधले, खूर तासला आणि खिळा हातात घेतला. नालबंदीत सगळी करामत त्या खिळ्याची. नखात बसला तर नाल टिकतो. जरा आत, जिवंत मांसात गेला, तर बैल लंगडा. वरून दोन्ही खिळे सारखेच दिसतात.

सतरा वर्षांचा असताना माझ्या हातून एकदा आत गेला होता. लोक पाहत होते म्हणून मी हातोडी जोरात चालवली होती. आमच्या वडिलांचा एक दस्तूर होता. ज्याच्या हातून बैल लंगडा झाला, त्याच्या दारात तो बैल बांधायचा. चारा-पाणी त्यानं करायचं, निंबाचा पाला उकळून खूर त्यानं शेकायचा, बैल सरळ चालेपर्यंत. वडिलांनी मला मारलं नाही. पण दारात दुसऱ्याचा बैल पाहून जाणारा-येणारा विचारायचा, "याले काय झालं?" आणि उत्तर मीच द्यायचं, घरातल्या दुसऱ्या कोणी नाही. "माह्या हातानं खिळा आत गेला." वीस दिवस मी ते बोललो. मार परवडला असता. पण बैल चालला, आणि त्यानंतर पुन्हा कधी माझा खिळा आत गेला नाही.

त्या सकाळी ते आठवलं आणि हातोडी उचलवेना. शेतकरी म्हणाला, "काय चाचा, झोप लागली का?" मी त्याची जोडी नीट करून दिली, हत्यारं पिशवीत भरली आणि उठलो. ऑपरेशनला एकच दिवस उरला होता.

ठाण्यात तोच शिपाई, तेच जमादार. बाकावर चार-सहा माणसं.

"साहेब, माही फिर्याद चुकीची हाय."

जमादारांनी चष्मा काढला. "बावा, हा खेळ हाय का? त्या दिवशी तं कडक कलमं पायजे व्हती."

"दगड मी पाह्यला नाई. कॉलर मी पाह्यली नाई. माह्या बायकोले मीच खाली बसवलं. ती पोरगी तं तिले नेऊन राह्यली व्हती."

"मंग सही काहून केली?"

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडं पाहत होती. त्यातला एक माझं गिऱ्हाईक होता.

"मले वाचता आलं नाई," मी म्हणालो. "अन् वाचून दाखवा असं सांगाले लाज वाटली."

बोलून झाल्यावर वाटलं, कोणी तरी हसेल. कोणी हसलं नाही. गिऱ्हाईक सरकला आणि मला बसायला जागा दिली. त्या माणसाचे उपकार मी मानतो, त्याला ते माहीतही नसेल.

जमादारांनी बजावलं, खोटी फिर्याद दिली म्हणून उद्या तुमच्यावरही येऊ शकते. मी म्हणालो, येऊ द्या. त्यांनी पुरवणी जबाब घ्यायला सांगितलं आणि विचारलं, "तुमचं म्हननं काय मंग, पोट्ट्यायले सोडून द्यायचं?"

"नाई. रस्ता अडवला, लोकायचे हाल झाले. सजा द्या. पण खिळा नखातच थांबला पायजे, साहेब. ते पोट्टे अजून चालाचे हायेत."

ते नालबंद नव्हते, पण मान हलवली त्यांनी.

शिपायानं जबाब टाइप केला आणि आपणहून उभा राहून मोठ्यानं वाचला. एका जागी मी थांबवलं, कारण त्यानं लिहिलं होतं, 'पत्नी स्वतःहून बसली'. मला वाचवायला लिहिलं होतं बिचाऱ्यानं. मी म्हणालो, "मी बसवलं, असं लिवा." त्यानं बदललं आणि पेन पुढं केला.

"पेन नको. पॅड द्या."

"बावा, तुमची सही तं लय झ्याक हाय."

"अंगठ्यावाल्याले वाचून दाखवाच लागते न? मंग आज अंगठाच घ्या."

घरी येऊन बायकोला म्हणालो, "झालं."

"काय झालं?"

"कागद सरळ झाला. कसा झाला ते विचारू नको."

तिनं विचारलं नाही. गादीखालून दवाखान्याचा कागद काढला.

दुसऱ्या दिवशी सातलाच स्कुटीचा हॉर्न वाजला. ठाण्यातलं पोरीला अजून काही माहीत नव्हतं. तिच्यावर तीच कलमं होती, आणि तरी तारीख ध्यानात ठेवून ती आली होती. माझ्या बायकोला मागं बसवून तिनं ओढणीनं स्वतःच्या कमरेशी बांधलं, लहान लेकराला बांधावं तसं. मी दारात उभा राहून म्हणालो, "पोरी, काल ठाण्यात जाऊन आलो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. पुढचं सांगायचं सोडून मी ओढणीची गाठ तपासली. ती म्हणाली, "बरं, चाचा. तुमी एसटीनं या, भुकेले नका राहू," आणि गेली.

नंतरचं थोडक्यात सांगतो. दगडाचं आणि कॉलरचं काही उरलं नाही. ड्रायव्हरनंही सांगितलं, मला कोणी हात लावला नव्हता. रस्ता अडवल्याचं राहिलं. ते पोरांनी कोर्टात कबूल केलं, त्याची किरकोळ सजा घेतली. रस्ता अडवणं मला आजही पटत नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगतो आणि ती हसते. भरतीच्या अर्जात तिनं तो खटला लपवला नाही. निकाल अजून लागायचा आहे आणि ती अजून पहाटे पळते. निंबांपैकी पलीकडच्या बाजूचे गेले. आमच्या बाजूचे आज तरी उभे आहेत. माझ्या झाडावरचा चुन्याचा आकडा मी पुसलेला नाही, सरकारचा आहे म्हणून नाही, मला तो दिसत राहावा म्हणून.

या सगळ्यात देणं-घेणं काही नव्हतं, तरी माझ्यावर किती जणांचे उपकार झाले. ज्या पोरीला मी कागदावर लंगडं केलं, तिनंच माझ्या घरातली नजर परत आणली. पाच वेळच्या नमाजात मी तिच्यासाठी मागतो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी नर्सबाईंनी बायकोच्या डोळ्यावरची पट्टी काढली. ती बराच वेळ डोळा मिचकावत राहिली. मी पुढं वाकलो, म्हटलं माझा चेहरा दिसला पाहिजे. तिनं माझा हात धरला आणि उजेडाकडं फिरवला. दोन दिवस धुऊनही अंगठ्यावरची पॅडची शाई गेली नव्हती.

"अजी, हे काळं काय हाय?"

"सही केली," मी म्हणालो.

ती हसायला लागली. नर्सबाई ओरडल्या, "आजी, हसू नका, डोळ्यावर जोर येतो!" तरी ती थांबेना. माझा अंगठा तिनं सोडला नाही. बाजूच्या खाटेजवळ, आम्हाला घरी न्यायला पुन्हा आलेली ती पोरगी डोळ्यात टाकायच्या औषधाची चिठ्ठी वाचत उभी होती. मी तिला म्हणालो, "पोरी, मोठ्यानं वाच. आमा दोघायलेही आयकू दे."